बाळ गाव सोडते, नोंद मागे राहते

दिवाळीच्या आगेमागे धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या पऱ्हाट्या पांढऱ्या होतात आणि वेचणीला माणसे कमी पडू लागतात. मग मेळघाटातून, मध्य प्रदेशातून मजूर कुटुंबे येतात. धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली असते, झोळीत तान्हे बाळ असते आणि आई ओळीने कापूस वेचत पुढे जात असते. वेचणीनंतर हरभऱ्याची सोंगणी येते. कोरकू कुटुंबे होळीला आपल्या गावी परततात.

या चार महिन्यांत बाळाचे काय होते? धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातल्या अंगणवाडीत त्याचे नाव, वजन, लसी, घरपोच आहार असे सारे नोंदलेले असते. धामणगावच्या शेतात मात्र ते कुणाच्याच यादीत नसते. जिल्हा तोच, अमरावती. तरीही बाळ पुढे निघून येते आणि त्याची नोंद मागेच राहते.

चार महिन्यांची किंमत

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांचे असताना पेंटाव्हॅलंट व पोलिओच्या मात्रा द्यायच्या असतात. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस. दीड महिन्याचे बाळ घेऊन आई नोव्हेंबरात निघाली आणि वाटेत कुणी विचारले नाही, तर होळीपर्यंत पहिल्या तिन्ही मात्रा हुकू शकतात. गोवराविरुद्ध आईकडून मिळालेले संरक्षण पहिल्या वर्षातच ओसरत जाते. त्यामुळे नवव्या महिन्याची लस चुकली की बाळ उघडे पडते.

कुपोषणाचेही तसेच आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते. अशा मुलाला साधा अतिसार किंवा न्यूमोनियाही जीवघेणा ठरू शकतो. उपचारात्मक आहार सुरू असतानाच कुटुंब हलले, तर तो आहार अर्ध्यावर सुटतो.

दोन्ही टोकांना माणूस हवा

ही अडचण ओळखून राज्याच्या महिला व बालविकास विभागाने 2021 मध्ये स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली प्रायोगिक पातळीवर सुरू केली. निवडलेल्या जिल्ह्यांत अमरावतीही होता. गाव सोडणाऱ्या गरोदर व स्तनदा माता आणि बालके यांची नोंद निघताना करायची आणि पोहोचतील तिथल्या अंगणवाडीने ती पाहून सेवा सुरू ठेवायची, असा तिचा गाभा. कल्पना नेमकी आहे. पण कुटुंब पहाटेच्या गाडीने निघाले आणि ताईंना कळलेच नाही, तर पहिले टोक निसटते. शेतावरच्या खोपटापर्यंत कुणी गेले नाही, तर दुसरे.

मोबाईलचा प्रश्न वेगळाच. 2021 मध्येच राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. कमी क्षमतेच्या त्या फोनवर पोषण ट्रॅकर ॲप धड चालत नव्हते. जुलै 2025 पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा ॲपवर जुळवणे बंधनकारक झाले. त्याआधीच्या ई-केवायसीसाठी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी येतो. फोन घरात एकच, तोही नवऱ्याच्या खिशात, रिचार्ज संपलेला किंवा सिमकार्ड बदललेले असेल, तर ओटीपी आईपर्यंत पोहोचणार कसा?

रेशनचेही असेच. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे मेळघाटातल्या कुटुंबाला धामणगावच्या दुकानातूनही धान्य घेता येते. पण तिथे यंत्रावर बोट टेकवावे लागते. हे यंत्र बोटावरच्या रेषांचे उंचवटे आणि त्यांमधल्या खाचा यांतला फरक वाचते. वाळलेल्या बोंडाची टोके दिवसभर बोटांना ओरखडतात. कातडी सोलवटली, भेगा पडल्या की हा फरक पुसट होतो आणि यंत्र त्याच माणसाला ओळखत नाही.

त्यात भाषेची भिंत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. मराठीतला ‘शेवटचा डोस कधी?’ हा प्रश्न एखाद्या आईला समजलाच नाही, तर ॲपमधला रकाना रिकामा राहतो किंवा अंदाजाने भरला जातो.

नोंद आईच्या हाती

पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने 2017 मध्ये जॉर्डनमध्ये माता-बाल आरोग्याचे ॲप आणले. दवाखान्यातली नोंद आईला तिच्याच फोनवर दिसावी, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे लसीकरणासाठी यू-विन आहे. त्यावर नोंद असलेल्या बाळाला देशात कुठेही पुढची मात्रा देता येते आणि प्रमाणपत्रही फोनवर मिळते. पण फोन नसलेल्या आईसाठी माता-बाल संरक्षण कार्ड हाच भरवशाचा आधार. त्याला चार्जिंग लागत नाही, ओटीपीही लागत नाही.

हे करता येईल

- गाव सोडण्याआधी अंगणवाडी ताई किंवा आशांना सांगावे. माता-बाल कार्ड, रेशनकार्ड आणि आधार प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत घ्यावे.
- मात्रा हुकली तरी घाबरू नये. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेली मात्रा पुढे देता येते. गोवर-रुबेलाची चुकलेली लस पाच वर्षांपर्यंत मिळते.
- सरकारी लस मोफत असते. जवळच्या उपकेंद्रात ती घेण्यासाठी त्या गावचे रहिवासी असावे लागत नाही.
- बोट उमटत नसेल तर हात धुऊन, पुसून दुसरे बोट लावून पाहावे. तरीही जमले नाही तर डोळ्याच्या बुबुळाची किंवा ओटीपीची सोय आहे का, हे दुकानदाराला विचारावे.

उरलेले काम शेतमालकाचे आणि मुकादमाचे आहे. किती मजूर आले, त्यांना आगाऊ रक्कम किती दिली, हे त्यांच्या वहीत असतेच. त्याच वहीत सोबत आलेली लहान मुले किती आणि गरोदर बाया किती, एवढे लिहून ते गावच्या अंगणवाडी ताईंना त्याच दिवशी कळवले, तर झोळीतले बाळ होळीची वाट न पाहता यादीत येईल.