‘फासन’ म्हणजे फास्ट करणं?

इंग्रजीतला fasten ‘फास्टन’ असा वाचणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट: यातला टी लिहायचा, बोलायचा नाही. लिसन, कासल, व्हिसल या शब्दांत तो जसा गप्प बसतो तसाच इथेही. उच्चार ‘फासन’. पण ही चूक किरकोळ म्हणायची. त्या न बोलल्या जाणाऱ्या टीपायी होणारा गैरसमज त्याहून मोठा आहे. स्पेलिंगमध्ये ‘फास्ट’ सरळ दिसतो, म्हणून फासन म्हणजे वेग वाढवणं किंवा पटकन उरकणं, असा अर्थ मुलं बेधडक लावतात. बरं, तर्कात खोट काढता येत नाही. शॉर्टवरून शॉर्टन म्हणजे आखूड करणं, तर फास्टवरून फासन म्हणजे फास्ट करणं. व्याकरण बरोबर, उत्तर चूक. घाई करण्यासाठी इंग्रजीत ‘हेसन’ हे वेगळं क्रियापद आहे, आणि त्यातलाही टी मुकाच असल्याने गोंधळात भरच पडते.

चूक होते ती फास्टच्या अर्थात. या शब्दाचा मूळ अर्थ वेगवान नाहीच; घट्ट, पक्का, जागचा न हलणारा असा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो याच अर्थाने वापरात होता आणि त्याचा जर्मन भाऊ ‘फेस्ट’ आजही घट्टच आहे. वेग मागाहून आला. आधी तो ‘जोर लावून’ या अर्थाच्या क्रियाविशेषणाला चिकटला, आणि ‘वेगवान’ हे विशेषण रुळेपर्यंत 16वं शतक उजाडलं. घट्टपणातून वेग कसा निघाला, असा प्रश्न मराठी माणसाला तरी पडू नये. आपण ‘गाठ जोरात आवळ’ म्हणतो आणि ‘जोरात पळ’ही म्हणतो. पहिल्यात घट्टपणा, दुसऱ्यात वेग, शब्द एकच.

उपवासाला फास्ट का म्हणतात, याचंही उत्तर इथेच सापडतं. पोट भुकेने झटपट रिकामं होतं म्हणून, असली विनोदी व्युत्पत्ती कुणी सांगितली तर हसावं आणि सोडून द्यावं. नेम घट्ट धरून ठेवणं, ही त्यामागची कल्पना. आपणही चतुर्थीचा उपास ‘धरतो’ आणि मग ‘सोडतो’. ब्रेकफास्ट म्हणजे रात्रभर घडलेला उपास सोडणं. जर्मन शिकणाऱ्यांची तर इथे चांगलीच फसगत होते. त्या भाषेत अगदी फासनचंच स्पेलिंग लिहून, टीचा स्वच्छ उच्चार करून जे क्रियापद होतं, त्याचा अर्थ उपास करणं.

जुना अर्थ आपल्या कानाला मुळीच अनोळखी नाही. कापड घेताना ‘रंग फास्ट आहे ना?’ असं विचारणारी गृहिणी फास्ट लोकलच्या वेगाबद्दल विचारत नसते. रंग धुण्यात जाणार नाही, पक्का आहे, एवढंच तिला हवं असतं. कापडधंद्यात हा पक्केपणा मोजतातही: धुलाईसाठी 1 ते 5 आणि उन्हासाठी 1 ते 8 अशा श्रेणी असतात, आकडा जितका मोठा तितका रंग टिकाऊ. गंमत म्हणजे कच्चा रंग उतरून दुसऱ्या कपड्याला लागला, की इंग्रजीत तो ‘रन’ झाला म्हणतात. म्हणजे फास्ट असतो तो धावत नाही, आणि धावतो तो फास्ट नसतो.

‘फासन म्हणजे बांधणे’ हे शब्दकोशाच्या घाईतून आलेलं अर्धसत्य आहे. त्यातूनच ‘टाय द सीट बेल्ट’सारखी वाक्यं जन्माला येतात. टाय म्हणायला दोरी, नाडी, फीत असं काहीतरी लागतं आणि गाठ पडावी लागते. सीट बेल्टला गाठ कुठे असते? बक्कल, बटण, हूक, पिन, झिप, कडी यांपैकी काहीही लावून वस्तू जागच्या जागी पक्की केली की ते फासन. मराठीत यासाठी एकच क्रियापद शोधू नये. आपण बटण लावतो, बक्कल अडकवतो, पिन टोचतो, कडी घालतो, झिप ओढतो. प्रत्येक कामाला स्वतंत्र शब्द ही आपली श्रीमंतीच.

फासन म्हणजे कुलूप लावणंही नव्हे. जुन्या इंग्रजी कादंबरीत कुणी दार ‘फासन’ केलं, तर बहुधा आतून कडी किंवा खिटी लावली, एवढंच समजावं. किल्लीचा संबंध आला की लॉक. उलट क्रियेला ‘अनफासन’ म्हणतात. आपण ‘बेल्ट उघड’ म्हणत नाही, तसंच ‘ओपन द बेल्ट’ही इंग्रजीला खटकतं.

हा शब्द थोडा औपचारिक आहे, हेही सांगायला हवं. गाडीत आई मुलाला ‘फासन युअर सीट बेल्ट’ म्हणण्यापेक्षा ‘पुट ऑन’ किंवा ‘बकल अप’ म्हणण्याची शक्यता जास्त. सूचनाफलकांवर मात्र फासन ठाण मांडून बसला आहे, विमानात तर सर्वात जास्त. तिथला गैरसमज भाषेचा नाही आणि तो जिवावर बेतू शकतो: डोक्यावरचं चिन्ह विझलं की पट्टा सोडायचा. चिन्ह विझण्याचा अर्थ ‘आता उठायला हरकत नाही’ इतकाच. बसलेले असेपर्यंत पट्टा लावलेला असावा, हे बऱ्याच विमानांत समोरच्या सीटच्या पाठीवर लिहिलेलंच असतं.

लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान 21 मे 2024 रोजी म्यानमारवरून जाताना हवेच्या तीव्र खळबळीत सापडलं. प्राथमिक तपासानुसार अवघ्या 0.6 सेकंदात उभ्या दिशेचा त्वरण-भार अधिक 1.35 जीवरून उणे 1.5 जीवर गेला. साध्या भाषेत, ज्यांनी पट्टे लावले नव्हते ते सीटवरून उचलले गेले, आणि काही सेकंदांत भार उलटताच खाली आपटले. अनेक जण जखमी झाले, एका प्रवाशाचा मृत्यू झाला. पट्ट्याचं चिन्ह पेटलेलं होतं, पण या हिसक्याच्या जेमतेम काही सेकंद आधी.