निळा दिवा विझतच नव्हता: कूलंट सेन्सर तपासायचा आणि बदलायचा कसा?

(ऐकताना आकडे निसटतात, पाना हातात असताना मागे जाऊन परत ऐकताही येत नाही. म्हणून या भागाचा मजकूर इथे लिहून ठेवतोय. बोललो तसाच, फक्त थोडा नीट करून.)

आज गोष्ट आमच्या घरच्या गाडीची. छोटी पेट्रोल गाडी, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचं मायलेज घसरायला लागलं. आधी लिटरला सोळा-सतरा मिळायचे, ते अकरावर आलं. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर काजळी. सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलचा वास. पण चेक इंजिनचा दिवा? तो लागलाच नाही.

आम्ही गाडी एका गॅरेजला दिली. प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर नवा. बिल चार हजार आठशे. फरक शून्य. बाबा म्हणाले, "इंजिन थकलंय रे, येईल त्या भावात काढून टाकू." आता बाबा असं म्हणतात तेव्हा त्यांचा निर्णय अर्धा झालेला असतो. मला गाडी जाऊ द्यायची नव्हती. तिच्यावरच तर मी शिकलो!

आणि खूण रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. आमच्या गाडीला तापमानाचा काटा नाही, दोन दिवे आहेत. इंजिन थंड असताना निळा लागतो, गरम झालं की विझतो. लाल लागला तर इंजिन जास्त तापलंय. तो निळा दिवा पुण्याच्या उन्हात वीस किलोमीटर गेलं तरी चालूच! मी रोज बघायचो आणि मनात म्हणायचो, चला, निळाच आहे ना, लाल तर नाही.

तर हा दिवा कोण लावतं? कूलंट टेम्परेचर सेन्सर. करंगळीएवढी वस्तू. इंजिनमधून फिरणाऱ्या कूलंटमध्ये तिचं टोक बुडालेलं असतं. बहुतेक गाड्यांत ती थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा इंजिनच्या हेडला बसवलेली असते. आत एक रोधक असतो, तो तापला की त्याचा रोध कमी होतो. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्याला पाच व्होल्टची लाइन देतो आणि परत किती व्होल्ट दिसतात त्यावरून तापमान ठरवतो. बस, एवढंच.

पण त्या आकड्यावर पुढे काय काय चालतं बघा. जुन्या स्कूटरला चोक असायचा. सकाळी चोक ओढायचा, गाडी तापली की आत ढकलायचा. आता ते काम ईसीयू करतो, आणि इंजिन थंड आहे की गरम हे त्याला हाच सेन्सर सांगतो. सेन्सर म्हणाला "थंड", की ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो. म्हणजे आमची गाडी दिवसभर चोक ओढून फिरत होती. मायलेज, काजळी, वास, सगळ्याचं उत्तर तिथे होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. रेडिएटरचा पंखाही याच आकड्यावर सुरू होतो. इंजिन थंडच आहे असं ईसीयूला वाटलं, तर पंखा फिरणारच नाही. मग आमची गाडी तापली कशी नाही? कारण उन्हाळा होता, एसी कायम चालू, आणि एसी लावला की पंखा आपोआप फिरतो. पण आम्ही मे महिन्यात कोकणात जाणार होतो, येताना ताम्हिणीचा चढ. आणि बाबांची सवय अशी की घाट चढायला लागला की एसी बंद! इंजिनावर सगळ्यात जास्त ताण, गाडीचा वेग कमी, पंखा बंद. त्यात लाल दिवाही वेळेवर लागला नसता, कारण तो याच सेन्सरचं ऐकतो. हेड पॅकिंग गेल्यावरच कळलं असतं.

आता तपासणी. पार्ट बदलण्याआधी ही करा, कारण लक्षणं सारखी आणि कारणं वेगळी असू शकतात.

पहिली तपासणी मोबाइलवर. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात लागणारा छोटा ओबीडी स्कॅनर ऑनलाइन मिळतो. अँड्रॉइडला साधा ब्लूटूथवाला चालतो. आयफोन असेल तर त्याला चालणारा आहे ना, हे विकत घेण्याआधी बघा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. ॲपमध्ये दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभरात दोन्ही एकाच पातळीवर आलेले असतात, त्यामुळे दोन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नको. आमच्याकडे हवा २१, कूलंट १४! पाणी रात्रीत हवेपेक्षा सात अंश थंड होईल कसं?

मग इंजिन सुरू करा आणि आकडा चढताना बघा. तो सावकाश, न उड्या मारता चढून साधारण ८० ते ९५ च्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. आमचा ४८ ला जाऊन थांबला.

इथे घाई करू नका. आकडा कमी राहण्याचं आणखी एक कारण असतं: थर्मोस्टॅट उघडा अडकला, तर इंजिन खरंच तापत नाही. मग सेन्सर खरं बोलत असतो आणि तुम्ही त्यालाच बदलून बसता. ओळखायचं कसं? हीटर पूर्ण गरमवर लावा. हवा कोमट आली तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. आमच्या हीटरमधून भट्टीसारखी हवा येत होती. रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात टेकवला तर क्षणभरही ठेववेना. ४८ अंशांचा पाइप असा पोळत नाही. सेन्सर खोटं बोलत होता. (पाइपाला हात लावताना पंखा आणि बेल्टपासून लांब राहा. पंखा कधीही सुरू होऊ शकतो.)

दुसरी तपासणी वायरिंगची. इंजिन थंड, चावी चालू. सेन्सरचा कपलर काढा. ॲपमध्ये आकडा उणे ४० च्या आसपास गेला पाहिजे. मग कपलरच्या दोन्ही पिना बारीक वायरने जोडा, आकडा एकदम वर, शंभराच्या पुढे गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरमध्ये. हे फक्त दोन पिनांच्या सेन्सरवर करा, तीन पिना असतील तर मेकॅनिककडे जा. पिना फाकवू नका. कपलरमध्ये हिरवट गंज दिसला तर आधी तो साफ करून परत बघा, कधी कधी तेवढ्यातच काम होतं. या प्रयोगाने चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका, शेवटी तो कोड पुसायचा आहे.

कोडचं पण सांगतो. पी०११८ म्हणजे सर्किट तुटल्यासारखं, ईसीयूला गाडी बर्फात असल्यासारखी दिसते. पी०११७ म्हणजे शॉर्ट झाल्यासारखं, आकडा अवाच्या सवा गरम. पण आमच्यासारखा सेन्सर अर्धवट चुकत असेल, तर कोड येईलच असं नाही. म्हणूनच सकाळचा आकडा बघायचा.

तिसरी तपासणी मल्टीमीटरची, सेन्सर काढल्यावर. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ८० अंशांना तीनशेच्या. तुमच्या गाडीचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. आमचा सेन्सर ८० अंशांच्या पाण्यात धरला तर हजाराच्या पुढे! नवा धरला, तीनशे वीस. (पातेलं आईच्या स्वयंपाकघरातलं घेऊ नका. मी घेतलं होतं. त्या पातेल्याचं पुढे काय झालं ते विचारू नका.)

आता बदलणं. गाडी पूर्ण थंड, किमान तीन-चार तास उभी. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. आत दाब असतो, त्यामुळे कूलंट शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब जातो आणि ते उकळून थेट तोंडावर येतं.

चावी बंद करा. थंड इंजिनचं झाकण सैल करून परत लावा, म्हणजे उरलासुरला दाब निघून जाईल. खाली पसरट भांडं ठेवा. कपलर त्याची खिट्टी दाबून काढा, वायर ओढून नाही. नवा सेन्सर वायसरसकट हातात तयार ठेवा. जुना पान्याने सैल करा, बोटांनी फिरवून काढा आणि लगेच नवा बसवा. थोडं कूलंट सांडेल. काही गाड्यांत सेन्सर आट्यांचा नसतो, क्लिप आणि रबरी रिंगवर बसतो, तिथे रिंग नवीच घाला. आटे आधी हाताने लावा. मग पान्याने बेताने आवळा. घर ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं असतं, जोर लावलात तर दोनशे-चारशेचा पार्ट हजारांत जाईल.

सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं, गल्लीतलं कुत्रं चाटून मरू शकतं. कमी झालेलं कूलंट त्याच प्रकारचं भरा. नळाचं पाणी नको, त्याने आत क्षार साचतात.

मग इंजिन सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर, एसी बंद. आत अडकलेली हवा निघू द्या. पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. गाडी थंड झाली की पातळी परत बघा, गळतीही बघा. आणि कोड पुसा.

आमच्याकडे त्या दिवशी आकडा ९५ च्या आसपास गेला आणि पंखा घुर्रर्र करून सुरू झाला. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "हा आवाज बरेच दिवस ऐकला नव्हता." खरंच की! आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

जाता जाता एक सांगतो. आता तुम्हाला सेन्सर खोटं बोलतो हे कळलं, म्हणून लाल दिवा लागल्यावर "सेन्सरच गेला असेल" म्हणत पुढे जाऊ नका. लाल दिसला की गाडी बाजूला, इंजिन बंद, झाकणाला हात नाही. संशय घ्यायचा तो उभ्या गाडीवर. कूलंट गळून गेलं असेल तर सेन्सरचं टोक कोरडं राहतं आणि तापलेलं इंजिनही त्याला थंड वाटू शकतं. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी, टाकीतली पातळी डोळ्यांनी बघा.

गाडी अजून आमच्याकडेच आहे. मायलेज सोळाला परत आलं. ताम्हिणी चढताना बाबांनी एसी बंद केलाच, मी फक्त कान देऊन बसलो होतो. एका वळणावर पंखा सुरू झाल्याचं ऐकू आलं, मग मी खिडकी खाली केली.

तुमच्या गाडीचा सकाळचा आकडा किती येतो ते बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!