उन्हावर उडणारा फुगा!

ना गॅस, ना ज्योत, फक्त ऊन! अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चिकटपट्टीने जोडून फुगा बनवतात, तो कोळशाच्या पुडीने काळा करतात आणि तो चक्क २० किलोमीटर उंचीच्या आसपास पोचतो.

यामागचं गणित सुंदर आहे. उन्हाने काळ्या फुग्यातली २० अंशांची हवा ४० अंशांपर्यंत तापली की दर घनमीटरमागे सुमारे ७५ ग्रॅम उचल मिळते. व्यास दुप्पट केला तर प्लॅस्टिकचं वजन चौपट होतं, पण आतली हवा आठपट! म्हणून घरी असा फुगा बनवायचा असेल तर आधी तीन गोष्टी सांभाळा: आकार मोठा, प्लॅस्टिक पातळ, जोड हलके.

उडवायला वारा पडलेली सकाळ आणि विजेच्या तारांपासून दूरचं मैदान निवडा. फुग्याला बांधलेली दोरी मात्र कधीच सोडू नका. मोकळा सुटलेला फुगा विमानांना धोक्याचा ठरू शकतो.