चंदनाचे तेल

सिंदेवाहीच्या मुलखात लाकूड म्हटले की सागाचेच नाव प्रथम तोंडी येते. साग, बांबू, मोह यांच्या त्या ऐश्वर्यात आपल्या बांधीलगत चंदनही लावावे, असे ज्याच्या मनात येईल, त्याने ज्या तेलापायी हा वृक्ष इतका मोलाचा ठरला, त्या तेलाची प्रकृती आधी जाणून घ्यावी.

चंदनाच्या पानाफुलांत तो सुगंध नसतो आणि सालीखालचे पांढरे लाकूडही निर्गंधच असते. तेल साठते ते गाभ्यात व मुळांत, तेही झाड प्रौढ झाल्यावर, अत्यंत मंद गतीने. म्हणूनच चंदन तोडीत नाहीत, मुळासकट उपटतात. सँटॅलॉल हे त्या तेलातील प्रमुख द्रव्य. ते सहजासहजी उडून जात नाही, त्यामुळे ऊर्ध्वपातनास फार वेळ लागतो. परंतु ह्याच जडपणामुळे ते इतर चंचल सुगंधांना धरून ठेवते, आणि कनौजचे अत्तरवाले गुलाब-केवड्याचा अर्क परंपरेने चंदनतेलातच उतरवून घेत आले. आयुर्वेदाने चंदनास शीतल व दाहशामक मानले. पंढरीचा विठ्ठलही उन्हाळ्यात चंदनाची उटी घेतोच.

चंदनाच्या झाडास नागांचा विळखा असतो, ही कविकल्पना होय. खरा विळखा जमिनीखाली असतो, आणि तो चंदनच शेजारच्या झाडांच्या मुळांना घालून त्यांचा रस शोषते. तेव्हा सोबतीला तूर किंवा तत्सम झाड हवेच, आणि पाणी तुंबणारी धानाची बांधी सोडून उंचवट्याची, निचऱ्याची जागा हवी.

म्हैसूरच्या टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनास राजवृक्ष, म्हणजे राज्याच्या मालकीचे झाड, ठरविले. पुढे म्हैसूरचे लाकूड तेल काढण्यासाठी युरोपात जाई, ते महायुद्धाने अडले, तेव्हा १९१६ साली बंगळूरात सरकारी कारखाना निघाला. परंतु सरकारी मक्तेदारीचा परिणाम असा झाला, की स्वतःच्याच शेतातले चंदन शेतकऱ्यास नकोसे झाले आणि चोरांचे फावले. कर्नाटकाने २००१ साली कायदा बदलून मालकी शेतकऱ्यास दिली, हे उशिरा सुचलेले शहाणपण.

आपल्याकडे महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत चंदन आहे. म्हणून लागवड करताच तलाठ्याकडून सातबारावर नोंद करून घ्यावी, परवान्यावाचून झाडास हात लावू नये, आणि थोड्या वर्षांत लक्षाधीश करू म्हणणाऱ्या रोपविक्याला दारातूनच परत पाठवावे.