दोन फळ्यांमधली फट

1570 च्या अखेरीस नगरच्या मुर्तझा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला. घाटावरून मोठी फौज उतरली, तोफा आल्या, मोर्चे बांधले गेले. कित्येक महिने भडिमार चालला आणि तरीही 1571 च्या पावसाळ्यात तह करून फौजेला माघारी फिरावं लागलं. ठाण्याची जमिनीकडची बाजू निजामशाही फौजेने आवळली होती. समुद्राकडून मात्र गोव्याहून माणसं, दाणागोटा आणि दारूगोळा येतच राहिला. ती वाट बंद करायला जे लागतं ते निजामशहाकडे पुरेसं नव्हतं. ते म्हणजे गलबतं, आणि गलबतं बांधणारे हात.

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याला समुद्र नाही, पण इथल्या सत्तेला तो होता. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही स्थापली तेव्हापासून चौल हे तिचं मुख्य बंदर होतं. होर्मुझकडचे घोडे तिथे उतरत आणि घाट चढून देशावर येत. 1508 मध्ये चौलच्याच खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवलं, त्यात व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना तिथे किल्ला बांधू दिला आणि पन्नास वर्षांनी त्याच किल्ल्यापुढे त्याच्या वारसाचं सैन्य थकलं.

नौकाबांधणीचा विचार करायला हा इतिहास उपयोगी पडतो. लाकूड विकत मिळतं, सुतारही मजुरीवर मिळतात. पण पाण्यात टिकेल असा सांधा घालणारी माणसं हुकूम सोडून उभी राहत नाहीत. शिवाजी महाराजांनाही याचा अनुभव आला. 1659 च्या सुमारास कल्याण-भिवंडीला आरमार बांधताना त्यांनी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाला आणि त्याच्या माणसांना कामावर ठेवलं होतं. पोर्तुगीज सरकारने ही माणसं फोडली आणि ती काम सोडून निघून गेली. त्यानंतरही मराठ्यांचं आरमार वाढलं, कारण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी माणसं होती.

देशावर काढलेलं जहाज

त्या माणसांची विद्या किती जुनी, याचा पुरावा समुद्रापासून दूर सापडतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलं आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत, उंच शिडं आहेत, नाळेवर डोळा काढला आहे आणि वर रांजण मांडून ठेवले आहेत. चित्र इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं. लेण्यांना दान देणाऱ्यांत देशावरचे व्यापारीही होते आणि त्यांचा पैसा बंदरांशी बांधलेला होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा माल गाड्यांवर लादून भडोचला नेला जाई, असं नोंदवलं आहे. चौलचा उल्लेखही त्यात येतो. पैठणच्या पलीकडे गोदावरी ओलांडली की नगर जिल्ह्याचा शेवगाव तालुका लागतो. प्रवरेकाठच्या नेवाशाला हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 पासून उत्खनन केलं, तेव्हा भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे तिथेही मिळाले. म्हणजे हे कुंभ एकदा जहाजातून उतरले आणि पुढे बैलगाडीतून घाट चढले.

आपल्या किनाऱ्यावर तेव्हा बांधली जाणारी जहाजं खिळ्यांनी जोडलेली नव्हती, शिवलेली होती. ‘पेरिप्लस’मध्येच शिवलेल्या नावांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजं पाहिली आणि त्यांना नावं ठेवली. लोखंडी खिळ्यांची सवय असलेल्या माणसाला काथ्याच्या दोरीवर भरवसा वाटला नाही.

टाक्याचा सांधा

या सांध्याची रीत अशी. शेजारशेजारच्या दोन फळ्यांच्या कडा तासून एकमेकींना लावायच्या. दोन्ही कडांजवळ समोरासमोर भोकं पाडायची. फटीवर आतल्या बाजूने नारळाच्या तंतूंची जाड वळी ठेवायची आणि तिच्यावरून काथ्याची दोरी आडवीतिडवी ओवून आवळायची. एक कारागीर आत आणि एक बाहेर असल्याशिवाय हे होत नाही. आतला ओढतो, बाहेरचा भोकात पाचर ठोकून टाका धरून ठेवतो. मग भोकं तंतू आणि राळेने बुजवायची आणि बाहेरून माशाचं तेल पाजायचं. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. उलट सोडणाचा काथ्या करायचा तर सोडणंच महिनोन्‌महिने खाडीच्या पाण्यात मुरवावी लागतात. दोरी जीर्ण झाली की टाके उसवून पुन्हा घालायचे. फळ्या त्याच राहतात.

गोव्याच्या किनाऱ्यावर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, मोठ्या होड्या याच पद्धतीने बांधत. रापण ओढताना होडी लाटांवरून थेट वाळूवर येते. खिळ्यांची ताठ होडी त्या आपटीने खिळ्यापाशी चिरते, शिवलेली होडी किंचित लवते आणि आपटी सोसते.

याच रीतीने भारतीय नौदलासाठी एक जहाज बांधलं गेलं. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात जुलै 2023 मध्ये करार झाला. रत्नाकर दांडेकर या कंपनीचे चालक. नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या जगप्रदक्षिणा केलेल्या शिडाच्या नौकाही त्यांच्याच गोव्यातल्या कारखान्यात बांधल्या गेल्या. या जहाजासाठी केरळचे बाबू शंकरन हे मुख्य कारागीर आपल्या माणसांसह आले. नमुना म्हणून हाताशी होतं ते अजिंठ्याचं चित्र. चित्रात मापं नसतात आणि तळ तर दिसतच नाही. म्हणून आकार ठरवल्यावर आयआयटी मद्रासमध्ये त्याची पाण्यातली चाचणी झाली. 12 सप्टेंबर 2023 ला कणा बसवला, 2025 च्या फेब्रुवारीत जहाज पाण्यात उतरलं आणि 21 मे 2025 ला कारवारला ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झालं. डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी 2026 मध्ये ते मस्कतला पोहोचलं. त्याला इंजिन नाही.

आधुनिक प्रयोगशाळेने जहाज तरेल की नाही ते सांगितलं. टाका किती आवळायचा, हे मात्र शंकरन यांच्या माणसांनीच ठरवलं.

जपानची तऱ्हा

दोन फळ्यांमधली फट मिटवायचा हाच प्रश्न जपानने अगदी वेगळ्या वाटेने सोडवला. तिथली पारंपरिक होडी बहुधा ‘सुगी’ या देवदारासारख्या मऊ, सरळ रेषेच्या लाकडाची असते. शिवण नाही, आणि फटीत बोळे कोंबण्यावरही भिस्त नाही. कारागीर दोन फळ्या कडेला कड लावून घट्ट बसवतो आणि त्यांच्या मधल्या रेषेतून करवत चालवतो. करवतीचे दात दोन्ही कडांवरचे उंचवटे एकाच वेळी खातात. पुन्हा फळ्या आवळायच्या, पुन्हा करवत चालवायची. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही कडा एकमेकींचा साचा होऊन बसतात. मग हातोडीने कडा ठेचून लाकूड दाबायचं. होडी पाण्यात गेली की दबलेले तंतू फुगतात आणि फट आपोआप मिटते.

खिळे चपटे, हाताने घडवलेले. ते फळीच्या बाजूने तिरके आत शिरतात. मऊ लाकूड चिरू नये म्हणून आधी ‘त्सुबानोमी’ नावाच्या लांब, बारीक पटाशीने खिळ्याच्या आकाराची वाट करून घ्यावी लागते. या पटाशीच्या मानेला एक आडवी कडी असते. पटाशी खोल रुतली की कडीला खालून हातोडी मारायची, मग ती वर येते. ही कडी नसती तर प्रत्येक भोकाला पटाशी हलवून काढावी लागली असती आणि भोक रुंदावलं असतं. बाकी हत्यारं आपल्या सुताराला ओळखता येतील. फरक वापरण्यात आहे. तिकडची करवत ढकलताना कापत नाही, ओढताना कापते, म्हणून तिचं पातं पातळ ठेवता येतं. रंधाही अंगाकडे ओढतात.

नकाशा असा फारसा नसेच. असलाच तर एका फळीवर शाईने काढलेली होडीची बाजू, तीही दहाव्या हिश्शाच्या मापात, आणि नेमकी महत्त्वाची मापं वगळून. ती उस्तादाच्या डोक्यात. उमेदवाराने झाडलोट करायची, धार लावायची आणि बघून शिकायचं.

ही गुप्तता शेवटी विद्येच्याच मुळावर आली. डग्लस ब्रुक्स या अमेरिकी नौकाकाराने 1996 पासून सादो बेटापासून ओकिनावापर्यंत वयस्क उस्तादांकडे उमेदवारी केली. त्यातल्या बहुतेकांचा तो एकमेव शिष्य ठरला. 2015 मध्ये त्याने या साऱ्याचं पुस्तक केलं. तोक्योजवळच्या उरायासू गावात शेवाळ गोळा करणाऱ्यांसाठी एकट्याने वल्हवायची होडी बांधत. तिथल्या मासेमारांनी आपले हक्क सोडले, किनारा भरावाखाली गेला आणि 1983 मध्ये त्या भरावावर डिस्नेलँड उभं राहिलं. होडीचं गिऱ्हाईकच संपलं. सादोच्या कारागिरांचं नशीब बरं, कारण त्यांच्या बांबूच्या पट्ट्यांनी आवळलेल्या लाकडी टबासारख्या होड्यांत आता पर्यटक बसतात.

मुंबईचा सागवान

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तिसरा सांधाही घडला. अठराव्या शतकात सुरतेत डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस याने जे काम पाहिलं त्यात फळ्यांच्या कडांना एकमेकींत बसणाऱ्या खाचा पाडत, मध्ये कापूस आणि राळ भरत आणि मग खिळे ठोकत. याच सुरतेतून 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया मोजके सुतार घेऊन मुंबईला आले. त्यांच्या वंशजांनी मुंबई गोदीत ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजं बांधली. 1817 मध्ये पाण्यात उतरलेलं ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. ओकच्या आम्लाने लोखंडी खिळा गंजतो, सागातल्या तेलाने तो टिकतो. जहाज दोनशे वर्षं टिकण्यामागे हे एक साधं कारण आहे.

आपल्या घरचं

नगर जिल्ह्यातल्या सुताराने जहाज बांधलं नाही. पण पूल होण्याआधी प्रवरासंगम-टोक्याला पावसाळ्यातली गोदावरी नावेनेच ओलांडावी लागे आणि नावेची डागडुजी कुणाला तरी येत होती. त्याहून महत्त्वाचं, सांध्याची विद्या त्याने बैलगाडीच्या चाकात जपली. तुंब्यात आरे, आऱ्यांवर घेराचे तुकडे, आणि शेवटी गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली लोखंडी धाव. ती बसवून पाणी ओतलं की लोखंड आकसतं आणि सगळे सांधे एकदम करकचतात. बाभळीचं लाकूड किती वाळलेलं असावं आणि धाव घेरापेक्षा किती आखूड ठेवावी, हे लोहार आणि सुतार मिळून ठरवत. सादोच्या टबाला बांबूची पट्टी जे काम करते तेच इथे लोखंड करतं.

रबरी चाकं आली तशी लाकडी चाकांची मागणी संपली. वाकस, पटाशी, सामता, कावेत बुडवून मारायचं सूत ही हत्यारं बऱ्याच गावांत अजून माळ्यावर पडलेली आहेत. ती वापरणारी माणसं मात्र सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. शिवलेलं जहाज पुन्हा बांधता आलं ते भिंतीवरच्या चित्रामुळे नव्हे, टाका घालणारे हात केरळात शिल्लक होते म्हणून. चाकासाठी आपल्याकडे अजिंठ्यासारखं चित्रही नाही.

म्हणून नगरमधल्या संग्रहालयांना, महाविद्यालयांना आणि आयटीआयना एक मागणं आहे. काचेच्या कपाटात वाकस ठेवण्याआधी तो वापरणाऱ्या सुताराला बोलवा. त्याच्याकडून एक चाक पूर्ण करून घ्या, शेजारी चार मुलं उभी करा आणि सुरुवातीपासून धाव बसेपर्यंत सगळं चित्रित करा. खर्च एका छोट्या कार्यक्रमाएवढाच येईल. उशीर केला तर मात्र पैसे देऊनही हे काम करणारा मिळणार नाही.