कपाटातली लग्नाची कॅसेट

तिसगाव, मढी, पाथर्डीकडे ज्या घरांत नव्वदच्या दशकातलं लग्न किंवा कानिफनाथांची यात्रा कॅमकॉर्डरवर उतरली असेल, त्यांनी त्या कॅसेटी यंदाच बाहेर काढाव्यात. फितीवरचे चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप दमट हवेत ओल शोषतो आणि चिकट होतो. आधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीची कड पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटीही खराब करते.

कॅसेटीवरचं चित्र फाइलमध्ये उतरवायला साधा जुना कॉम्प्युटर पुरतो. मिनीडीव्ही या छोट्या कॅसेटीवर चित्र मुळातच आकड्यांत असतं. फायरवायर केबलने त्याची जशीच्या तशी नक्कल उतरते. सेकंदाला साधारण साडेतीन एमबी, तासाला 13 जीबी. एवढं जुनी हार्ड डिस्कही सहज लिहिते.

व्हीएचएसचं तसं नाही. आत तिरकं बसवलेलं हेडचं ढोल सेकंदाला 25 वेळा फिरतं आणि प्रत्येक फेरीत एक पूर्ण चित्र वाचतं. फीत जरा डगमगली की चित्राच्या कडा थरथरतात. हे चित्र आकड्यांत बदलायला यूएसबी कॅप्चर कार्ड लागतं ते इथे. रेकॉर्डिंग चालू असताना कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडू नका. फ्रेम गळल्या की आवाज पुढे-मागे होतो.

माझ्या मते खरी अडचण व्हीसीआरची आहे. शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा चालू यंत्रासाठी आधी तालुक्यातल्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारा.