खोट्या खात्यामागचा माणूस सापडतो

ऑनलाइन छळाची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला एक उत्तर वारंवार ऐकावं लागतं: खातं खोटं आहे, माणूस सापडायचा नाही, ब्लॉक करा आणि सोडून द्या. हा समज किती पोकळ आहे, हे दोन प्रकरणं शेजारी ठेवली की कळतं. जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ या ॲपवर मुस्लिम बायकांचे फोटो ‘आजची डील’ म्हणून लिलावाला लावले गेले. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पण सहा महिने कुणालाच अटक झाली नाही. मग 1 जानेवारी 2022 ला तसंच ‘बुल्ली बाई’ हे ॲप आलं. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांतच बंगळुरूचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी पकडला. पाठोपाठ आसामातून एकाला अटक झाली, आणि त्यानंतर जुन्या ॲपचा संशयितही इंदूरमध्ये हाती लागला. एवढ्यात तंत्रज्ञान काही बदललं नव्हतं; वाढला तो तपासाचा वेग. ओळख लपवणाऱ्या व्हीपीएनमुळे माग काढणं अवघड होतं, अशक्य होत नाही.

‘फोटो टाकलेच कशाला?’ हा प्रश्न तर चीड आणणारा आहे. लिलावाला लावलेल्या कित्येकजणी पत्रकार आणि कार्यकर्त्या होत्या, फोटो नेहमीचे, चेहऱ्याचे. त्यांचा आवाज बंद व्हावा हाच छळणाऱ्यांचा हेतू असतो. खातं बंद करण्याचा सल्ला तो हेतू फुकटात पुरा करतो.

कायदा कडक केला तर बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येईल, ही शंका मात्र गंभीर आहे. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, ती आपण पाहिलेली आहे. त्या वेळी लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं, आणि ते योग्यच झालं. परंतु नकोसं मत मांडणं वेगळं आणि बाईचा पाठलाग करणं वेगळं. तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा आहे. पहिल्याच दोषसिद्धीत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून ब्लॉक जरूर करा, पण त्याआधी स्क्रीनशॉटबरोबर त्या खात्याची आणि पोस्टची लिंक, तारीख, वेळ जपून ठेवा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून पोलीस ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवायला सांगा.